श्रावणातली बर्गंडी

११ ऑगस्ट २०१८, शनि. गटारी.
इथे परदेशात, पासिर रिसच्या आमच्या फ्लॅटवर नेहमीची पुण्या-मुंबईची मंडळी. मी आणलेली सुरेख वाईन सरबतासारखी संपवली आणि व्हिस्कीवर गेले. गाढवं. रेस्टॉरंटांसाठी वाईन निवडणं हा माझा धंदा, आणि उद्यापासून महिनाभर एक थेंब नाही. ऑफिसात बॉस, लिम, दरवर्षी हसतो. "युवर नो-ड्रिंक मंथ अगेन आ?" हस बाबा.

१३, सोम.
बोंबला. क्लेर पुढच्या गुरुवारी येतेय, २०१६च्या पांढऱ्या वाईन घेऊन. बर्गंडीत स्वतःच्या मळ्याची वाईन करणारी ही पोरगी अजून फारशी कुणाला ठाऊक नाही. तिची पहिली बाटली चाखली तेव्हापासून तिची वाईन आम्हाला मिळावी म्हणून मी मागे लागलोय. २०१६च्या एप्रिलात द्राक्षवेलींचे कोवळे कोंब हिमाने करपले. उरलं त्यात मोजकी पिंपं भरली. तिची अट: समोर बसून चाखा, तिथेच हो-नाही सांगा.
लिम: "यू कान्ट टेस्ट, आय सेंड डेरेक."
डेरेक म्हणजे ऑफिसातला माझा जोडीदार; तो गेला की क्लेर त्याची. माझ्या मेहनतीवर पाणी.

१५, नागपंचमी.
अण्णा फार आठवले. नाशिकला वर्षभर वडील कधी येतील, कसे येतील याचा नेम नाही. आई दाराकडे कान लावून. श्रावणात मात्र दारू बंद. दिवेलागणीला सायकल दारात, दाढी केलेली, खिशात गरम शेंगदाणे. कॅरमला मुद्दाम हरायचे, आणि मी चिडायचो. वर्षातून तो एक महिना मला वडील असायचे.
ते गेल्यापासून त्यांचा श्रावण मी पाळतो. दुसरं काय ठेवलंय त्यांनी.

१९, रवि.
बायकोला, मेधाला, विचारलं, वाईन चाखून थुंकली तर? आमच्या धंद्यात थुंकतातच.
"उपासाला चकली चावून थुंकलास तर उपास राहील का?"
सई: "नोबडी चेकिंग लाह, बाबा."
दोघी हसल्या. मी उगाच खेकसलो लेकीवर.

२३, गुरु.
गेलो. क्लेरला म्हटलं, फक्त वास घेणार. कारणही सांगून टाकलं. हसली नाही. हिमाच्या त्या पहाटे वडिलांबरोबर ओला पेंढा जाळून मळ्यावर धूर धरला होता, म्हणाली. मी म्हटलं, आमच्या निफाडकडेही थंडीत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात. बरं वाटलं बोलून.
मग पहिला ग्लास. वासात लिंबाची साल. भिजवलेली दगडी पाटी. एवढ्या वाईट वर्षातून हे कसं काढलं हिने…
प्यालो. थुंकलो नाही. गिळली.
आणि दुसऱ्या घोटासाठी हात आपोआप गेला. अगदी अण्णांचा हात. घाबरलो. ग्लास खाली ठेवला. उरलेल्या चार चाखता येईनात. ती म्हणाली, "सोमवारी सकाळी ये. तोवर कुणाला देत नाही." तो श्रावणी सोमवार, हे तिला काय सांगणार.

२४, शुक्र.
मेधाला सांगितलं. तिने चहा ठेवला.
दुपारी ऑफिसातून आईला फोन. श्रावण मोडला गं, म्हटलं. तर हसली.
"तुझ्या अण्णांनी तरी कुठे पाळला?"
"म्हणजे?"
"सकाळी तुम्ही शाळेत गेलात की घ्यायचे थोडी. नाहीतर हात थरथरायचे, ऑफिसात लिहिता येईना. संध्याकाळ तेवढी तुमच्यासाठी राखायचे. फार हाल व्हायचे रे त्यांचे."
जिन्यात जाऊन रडलो. राग यायला हवा होता, आला नाही. मला वाटायचं, श्रावण आला की त्यांची आपोआप सुटते. मी एका घोटाने घाबरून उठलो. ते रोज संध्याकाळी, अंगाची लाही होत असताना, आमच्यात बसून राहिले. उठून गेले नाहीत.
मग मी इतकी वर्षं पाळतोय तो कुणाचा…
सोमवारी दहाला क्लेर. चार वाईन. मी जातो की डेरेक, लिमला अजून काही कळवलेलं नाही.