शेंदूर पुसलेले दोन ऐन

बेलवली, बदलापूर (पश्चिम)
१८ जानेवारी २०२५

प्रिय रघुमामा,

नमस्कार. पत्र हातात पडल्यावर तू आधी मामीकडे बघून म्हणशील, "हिचा फोन पान्यात परला का काय?" फोन धडधाकट आहे. पण फोनवर तू मला दोन वाक्यांच्या वर बोलू देत नाहीस, आणि आज मला बरंच बोलायचंय.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तरी तिळाचे लाडू तिनेच वळले. तुमचा डबा बाजूला काढून ठेवलाय. भाऊबीजेला ती एकटीच तुमच्याकडे जांभूळ गावी आली, मी कामाचं निमित्त सांगितलं. काम होतं हे खरं. पण ते एका दिवसासाठी थांबलं असतं.

ते काम म्हणजे माझं प्रदर्शन. अंबरनाथला शिवमंदिराकडच्या एका शाळेच्या हॉलात पुढच्या रविवारी उघडतंय. गेल्या वर्षी तुमच्याकडे रस्ता रुंद व्हायच्या आधी मी कडेच्या झाडांना मांजरपाट गुंडाळून वरून कोळसा घासत होते, आठवतं? सालीची रेघन् रेघ कापडावर उमटायची. तू म्हणाला होतास, "मेलेल्या मानसाचा आंगठा घेतात, तसा झाराचा घेतंस का गो?" तुझं हे वाक्य मी मुंबईच्या दोन मोठ्या चित्रकारांना ऐकवलं, दोघांनीही ते वहीत उतरवून घेतलं. ती एकतीस कापडं आता छतापासून जमिनीपर्यंत टांगली आहेत. लोकांनी मधून चालायचं, हवं तर हात लावायचा.

काल टांगाटांग चालू असताना हॉल झाडणाऱ्या राजाबाई थबकल्या. एका कापडावरून बोटं फिरवत म्हणाल्या, "गो पोरी, ह्यो ऐन ना? आमचे बांदाव होता असाच." नावाच्या पाट्या अजून लावल्याच नव्हत्या. मदतीला आलेल्या माझ्या मैत्रिणीने, मैत्रेयीने, टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद व्हायला हवा होता. मी पाणी प्यायचं सांगून बाहेर गेले आणि पायरीवर बसून रडले.

कारण ते ऐनाचं झाड त्या दोघांपैकी एक होतं.

ठेकेदाराची माणसं रस्त्याच्या आखणीबाहेरची झाडंही हळूच उतरवतात, म्हणून तू कडेच्या नऊ झाडांना शेंदूर फासला होतास. शेंदूर लागलेल्या झाडाला कुठलाही मजूर कुऱ्हाड लावत नाही. सात वाचली. दोन ऐन गेले, कारण तोडायच्या दिवशी त्यांच्यावर शेंदूर नव्हता. तुझ्या जुन्या दोस्ताच्या, भगवंतकाकांच्या जावयाची लाकडाची वखार, म्हणून तुला वाटलं काकांनीच पुसला. चारचौघांत तू त्यांना लाकूडचोर म्हणालास. हे मला मामीकडून कळलं. ती म्हणाली, "चालीस वर्सं एका ताटान जेवलेली मानसं, आता एकमेकांचे ओट्याव पाय ठेवीत नाय."

मामा, शेंदूर मी पुसला.

आधीच्या कागदावर या वाक्यापुढे मी लिहिलं होतं की मला तो ठेकेदाराचा लाल रंग वाटला. तो कागद फाडला. रंग कुठला आणि शेंदूर कुठला, हे मला कळत नाही होय! तेलाचा वाससुद्धा येत होता. पण तेलकट जागेवर कोळसा बसेना, नुसता चिखल व्हायचा. मला ठसा स्वच्छ हवा होता. साबणाचं पाणी आणि काथ्याचा बोळा घेऊन मी भेगांतून तो घासघासून काढला. कुणी लावला, कशासाठी लावला, हे विचारायला तुझं घर शंभर पावलांवर होतं. मी विचारलं नाही. जंगल वाचवा म्हणत गावभर मिरवणारी मी, चांगल्या चित्रापायी दोन झाडं घालवून बसले.

मग आज सांगू, उद्या सांगू करत वर्ष गेलं. माझ्या जागी काका शिव्या खात राहिले आणि मी चित्रं टांगत राहिले. लाज वाटते रे.

काल रडून झाल्यावर तिथूनच काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "रघूला तूच सांग. मी सांगतला तं बोलंल, पोरीचे आड लपतो. आन् त्याची पहार माझेकरंच परलीय, न्यावाला ये म्हनावं."

त्या दोन कापडांखालची पाटी मी आज लिहिली. "हे ऐन आखणीत नव्हते. त्यांच्यावरचा शेंदूर मी पुसला, म्हणून ते तुटले. किर्ती." मैत्रेयी म्हणाली, अगं, लोक काय म्हणतील? म्हणू देत. आपलंच नाव झाकून ठेवून जंगलाबद्दल बोलायचं म्हणजे शुद्ध ढोंग.

आणखी एक. गुरुवारी मी जांभूळला येऊन गेले. घरी यायचं धाडस झालं नाही. त्या दोन ऐनांपैकी एकाचं खोड खडीखाली गाडलं गेलंय, त्याचं काही उरलं नाही. दुसऱ्याला मात्र फुटवे आलेत मामा, चांगले कमरेएवढे! पानं तांबूस, कोवळी. अकरा मोजले. सगळे ठेवले तर झुडूप होतं आणि एकच ठेवला तर झाड होतं, हे तूच मला शिकवलंस. पिशवीत कोयता होता. पण तो मी बाहेर काढला नाही.

रविवारी ये असा आग्रह कुठल्या तोंडाने करू? रागावलास तरी चालेल, पण आधी भगवंतकाकांकडे जा. मग एखाद्या सकाळी मला त्या खोडापाशी बोलाव. मुळाजवळून फुटलेला एक जोमदार फुटवा मला दिसतोय, बहुतेक तोच ठेवायचा. पण या वेळी तू बोट दाखवल्याशिवाय मी कोयता लावणार नाही.

तुझी चुकलेली भाची,
किर्ती