मढच्या हळदीची चार मिनिटं

असल्फा, घाटकोपर
रविवार, २२ मार्च

प्रिय लवू,

हे पत्र घेऊन तुझ्या अंगणात उभा असलेला दाढीवाला म्हणजे सर्वेश, माझ्या बहिणीचा मुलगा. तू शेवटचा पाहिलास तेव्हा त्याला मिसरूड नुकतं फुटत होतं, म्हणून सांगतो. त्याला पाणी दे, मनात आलं तर चहाही दे. तुझं भांडण माझ्याशी आहे, त्याच्याशी नाही. त्याच्या हातातली काळी पिशवी मात्र पत्र वाचून संपेपर्यंत उघडू नकोस. फोन मी सहा वर्षांत किती केले ते तुला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीत रत्नप्रभाच्या मोबाइलवरून केला, तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिलास. ती म्हणाली, बायकोच्या पदराआडून फोन करणाऱ्या नवऱ्याची हीच गत होते. म्हणून आता कागदावर आलोय. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला चैन पडत नाही. साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा तू उलगडून वाचायचास.

आधी इकडची खबर. पार्टी जोरात आहे. लॉकडाउनमध्ये सगळ्यांची वाट लागली तशी माझीही लागली. दीड वर्ष एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसलो, ढोलकीवर चादर घालून ठेवली. पण पुन्हा उठलो. गेल्या वर्षी एकट्या गणपतीत अकरा सुपाऱ्या वाजवल्या, हळदी वेगळ्या. डीजेवाले आले, नाशिक ढोलवाले आले, तरी 'गुणाजी बेंजो पार्टी' अजून रस्त्यावर आहे. मंडळाच्या माणसाकडून होकार कसा काढायचा, हे मुलुंडपासून मानखुर्दपर्यंत माझ्याइतकं कोणाला कळत नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

ती अक्कल मूळची तुझी, हेही कबूल करतो. तो झाकणाचा छोटा डीव्हीडी प्लेयर तू लॅमिंग्टन रोडवरून आणलास, तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. म्हटलं, वाजवून दाखवायचं सोडून लोकांना टीव्ही काय दाखवतोस? तू म्हणालास, मंडळाच्या ऑफिसात ढोलकी बडवलीस तर शेजारची बाई पोलीस बोलावेल. हा टेबलावर ठेव आणि गप्प बस. तोच प्लेयर अजून चालतो. बिजागरी सैल झालीय, झाकण मागे पडतं, म्हणून पाठीशी तांब्या टेकवावा लागतो. बॅटरी मेलीय, वायर लावल्याशिवाय जागा होत नाही. पण आवाज खणखणीत. पार्टीतली पोरं म्हणतात, मामा, मोबाइल आहे ना! मोबाइलवरही एकदा दाखवलं, पवईला, एका मोठ्या सोसायटीत. सेक्रेटरी मॅडम तल्लीन होऊन बघतायत आणि मधेच रत्नप्रभाचा फोन. बेंजो बंद पडला, मॅडमनी गडबडीत हिरवं बटण दाबलं, आणि ही पलीकडून म्हणाली, येताना बोंबील आणा, मागच्यासारखे शिळे आणू नका. अख्खी कमिटी शाकाहारी. सुपारी गेली. पुढच्या वर्षी तिथेच प्लेयर घेऊन गेलो. एक तरुण हसला, म्हणाला, अंकल, हा म्युझियममधून उचलला काय? म्हटलं, आधी ऐक तरी. चार मिनिटांनी त्याचा पाय टेबलाखाली ठेका धरत होता. प्लेयरला दुसरं काही येत नाही, हाच त्याचा गुण.

माझी बसायची पद्धतही ठरलेली आहे. प्लेयरचं तोंड गिऱ्हाइकाकडे करायचं आणि आपण त्याच्या पाठीमागे बसायचं. चित्र त्यांनी बघायचं, मी त्यांची तोंडं बघायची. कोणाची भुवई कुठे वर जाते, कोणाची मान कुठे हलते, हे मी पडदा न बघता सांगतो. पोरांनाही तेच शिकवतो, की विकणाऱ्याने मालाकडे बघू नये, घेणाऱ्याकडे बघावं. पोरं मान डोलावतात. मला वाटतं, मामा मोठा पोचलेला माणूस आहे असं त्यांना वाटतं.

दाखवतो काय, ते तू ओळखलं असशील. मढच्या कोळीवाड्यातली ती हळद, बारा वर्षांपूर्वीची. नवरदेवाचा मावसभाऊ तिथल्या बंगल्यांवरच्या शूटिंगला कॅमेऱ्याच्या हाताखाली काम करायचा, त्याने कॅमेरा आपल्यावर धरला आणि हलवला म्हणून नाही. चार मिनिटं मधोमध तू. निळा चौकडीचा शर्ट, डावा हात बेंजोच्या बटणांवर, उजवा तारांवर, आणि अंतऱ्याच्या आधी सुराला हिसका देऊन तू जो वर जातोस तो. पवईची मॅडम असो की मुलुंडचा कापडवाला, त्या हिसक्याला मान हलतेच. तू गेल्यावरही मी तीच क्लिप दाखवत राहिलो. लोक सुपारी द्यायचे आणि वाजवायच्या दिवशी विचारायचे, तो चौकडीच्या शर्टवाला कुठाय? मी म्हणायचो, गावाला गेलाय, घरी पूजा आहे. तुझ्या घरी मी इतक्या पूजा घातल्या आहेत की सत्यनारायणालाही कंटाळा आला असेल. तुझी आजी माझ्या तोंडून दोनदा वारली. आणि तुझ्या जागी वाजवायचा सर्वेश. वाईट वाजवत नाही, हाताला गोडवा आहे. पण तो हिसका त्याला येत नाही. तेच सूर, तीच बटणं, शंभर वेळा क्लिप ऐकून बसतो, तरी त्याचं सरळच जातं. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त पुढच्या वर्षी फोन करत नाहीत. गेल्या वर्षीच्या त्या अकराच्या अकरा सुपाऱ्या नव्या लोकांच्या होत्या, हे मघाशी सांगायचं राहिलं.

आता मुद्द्यावर येतो. पंधरा दिवसांपूर्वी सर्वेशला घेऊन मानखुर्दला गेलो होतो. तिथल्या एका जयंती मंडळाला चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला बेंजो हवा होता. मोठी मिरवणूक, आणि वाजवणं पसंत पडलं तर दरवर्षी तुम्हीच, असं बोलणं. माझ्यासारख्या, दरवर्षी नवी दारं ठोठावणाऱ्या माणसाला याहून काय हवं? अध्यक्ष धोंडिराम म्हणून जुने गृहस्थ आहेत, पण कारभार त्यांच्या सुनेच्या हातात. सपना तिचं नाव. हाडांच्या दवाखान्यात ती लोकांचे अवघडलेले हातपाय व्यायामाने मोकळे करून देते. मी वायर लावली, तांब्या टेकवला, मागे बसलो. हिसक्याला धोंडिरामांची मान हलली. मनात म्हटलं, झालं काम! पण सून काही हसेना. संपल्यावर म्हणाली, परत लावा. परत लावलं. मग म्हणाली, आता आवाज बंद करून लावा. लवू, तीस वर्षांच्या धंद्यात बेंजो आवाज बंद करून कोणी मागितला नव्हता. तो बघून झाल्यावर तिने सरळ प्लेयर उचलला, माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, काका, तुम्ही पण बघा ना.

तुझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट चार मिनिटांत एकदाही बटणाला लागत नाही. ताठ, वर उभं. ती म्हणाली, हे बोट वळत नाहीये, आणि दुखतंय पण. यांचा खांदा बघा कसा कानापाशी चढलाय. असंच वाजवत राहिले असतील तर पुढे हाताने त्रास दिला असणार, कसे आहेत आता? सर्वेश तर खुर्चीतून उठलाच. मामा, तीन बोटं! ओरडला. ते बोट चालत नाही म्हणून मधल्याने मारलेली उडी आहे ती! पोरगा सहा वर्षं चार बोटांनी तो हिसका शोधत होता, सापडणार कुठून? धोंडिराम खूश होऊन म्हणाले, मग हाच कलाकार येणार ना चौदा तारखेला? माझ्या जिभेवर पूजा आलीच होती. पण पडदा माझ्याकडे होता आणि त्यात तू वाजवत होतास. म्हटलं, नाही. हा माणूस सहा वर्षांपूर्वी पार्टीतून गेला. मीच घालवला.

मला वाटलं, आता उठा म्हणतील. सपना म्हणाली, काका, जे येणार आहेत त्यांचं दाखवा ना मग. जे हात येणारच नाहीत ते कशाला दाखवता? साधी गोष्ट. सर्वेशची एका मिनिटाचीसुद्धा क्लिप माझ्याकडे नव्हती. तो माझ्या शेजारी उभा राहून सहा वर्षं वाजवतोय आणि मी त्याच्यावर एकदाही कॅमेरा धरला नव्हता. मंडळाने पाच एप्रिलपर्यंत वेळ दिलाय. खऱ्या पार्टीचं खरं वाजवणं दाखवा, पसंत पडलं तर मिरवणूक तुमची. म्हणून सर्वेश बेंजो घेऊन तुझ्या दारात आलाय. आठ दिवस ठेवून घे आणि ती उडी त्याला शिकव. तुला शिकवता येतं. मला ढोलकी धरायला तूच शिकवलंस, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

पण नुसत्या शिकवणीसाठी मी एवढी पानं खरडली नसती, चिठ्ठी दिली असती. सपनाने प्लेयर फिरवला तेव्हा सगळे तुझं बोट बघत होते. मी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे माझे हात दिसतात, ढोलकीवर. तू त्या उडीला आलास की माझा हात अर्धा क्षण थांबतो. प्रत्येक वेळी. तू पोचलास की मग पडतो. लवू, बोटाचं मला मढलाच माहीत होतं. साकीनाक्याच्या कारखान्यात ते मशिनखाली सापडलं होतं, हळदीला येताना तू फडकं सोडून खिशात कोंबलं होतंस. मी नुसतं बघितलं, तर म्हणालास, माका काय झाला नाय, तू वाजव. आणि मी काही न विचारता थांबायला लागलो. वर्षानुवर्षं थांबलो, दोघांनीही त्याचा शब्द काढला नाही. मग बोरिवलीच्या गणपतीचं ते आगमन आलं. अध्यक्षाने तुझ्या गळ्यात हार घातला आणि मला विचारलं, तुम्ही यांच्याबरोबरच का? पार्टी माझ्या नावाची, आणि मी कोण? पोटात दुखलं माझ्या. उडी जवळ आली तसा मी मुद्दाम ठेका चढवला. तुझा हात अडखळला, लोक हसले, आणि मी भर रस्त्यात ओरडलो, बेंजो खाली ठेव, सर्वेशकडे दे. तू बोट पुढे करून कोणाला काही सांगितलं नाहीस. फक्त माझ्या हातांकडे बघितलंस. म्हणजे तुला कळलं होतं. प्लेयरच्या पाठीमागे बसायची पद्धत मी त्यानंतर काढली, घेणाऱ्याची तोंडं बघायला नाही. मला ती चार मिनिटं बघवत नव्हती. मी तुझं वाईट केलं, जाणूनबुजून केलं, आणि वर तुझ्याच हातांवर पोट भरलं. मला माफ कर. आता पिशवी उघड. प्लेयर आहे, वायर आहे, तांब्या तुझ्याकडचा लाव. ती क्लिप यापुढे कोणाला दाखवायची की पुसून टाकायची, हे तू ठरव. आणि चौदा तारखेला मानखुर्दला ये. हात चालत नसेल तर नुसता माझ्या बाजूने चाल. एका बोटापुरता चालत असेल तरी वाजव. मी थांबेन.

तुझाच,
गुणाजी