चोवीस गुंते

सोमवार, ४ फेब्रुवारी १९७४

प्रुफं आली. यांचा एकुलता एक लेख — दोन्ही टोकं चिकट असलेले लांब रेणू एकमेकांना धरत जातात आणि मिश्रण थिजतं, ते कधी, याचं गणित. हे जाऊन सात महिने झाले, आता छापून येतोय. कॉलेजातले यांचे सोबती ईश्वरप्पा सर म्हणाले, "अक्का, एकदा नजर फिरवा. आकडे तुमचेच की."

माझेच. आलेखाच्या कागदावर त्या रेणूंच्या साखळ्या मीच काढल्या, मीच मोजल्या. पाच पावलांच्या — एक पाऊल म्हणजे एका चौकोनाची बाजू — दोनशे साठ.

६ फेब्रुवारी

शब्दकोश जवळ घेऊन वाचतेय. चौथ्या पानावर अडले. 'शक्य असलेली प्रत्येक मांडणी.'

प्रत्येक?

शेपूट वळून स्वतःच्याच डोक्याला चिकटतं, अशा साखळ्या मी सोडून दिल्या होत्या. मैंदर्गीला माहेरी माग होता. स्वतःतच गुंतलेला धागा तोडून टाकायचा, तो वाया गेलेला. मोजायचा कशाला! यांना सांगितलंही नाही — सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

७ फेब्रुवारी

सगळ्या पुन्हा काढल्या. सोडलेल्या चोवीस.

जी टोकं आपल्यातच अडकली, ती दुसऱ्याला कशी धरणार? म्हणजे मिश्रण लेखात म्हटलंय त्यापेक्षा उशिरा थिजतं. शेवटचं कोष्टक चूक. त्याखालचा निष्कर्षही.

भाकरी करपली.

९ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी प्रुफं चाळून परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "कोण मोजायला बसलंय, अक्का? राहू द्या की. त्यांचं नाव तरी राहील."

चुकीवर राहील, म्हटलं.

"आणि थांबवलंत तर? दुसरा लिहायला ते येणार आहेत का?"

लागलं. खरं होतं म्हणून जास्त.

१० फेब्रुवारी

यांचा कोट झटकून परत कपाटात ठेवला. दुसरं काही केलं नाही.

१२ फेब्रुवारी

संपादकांना पत्र टाकलं. मोजणी माझी, चूक माझी, लेख छापू नये. पेटीत पडल्याचा आवाज आला आणि वाटलं, यांना मीच पुसून टाकलं.

१३ फेब्रुवारी

पत्र टाकलं का, विचारायला सर आले. हो म्हटल्यावर ओट्यावरच बसले.

"त्यांना माहीत होतं, अक्का. दवाखान्यात पडल्या पडल्या त्यांनी स्वतः पुन्हा मोजल्या होत्या. मला म्हणाले, आहे तसाच छापू दे. हिला कळू द्यायचं नाही."