उशा आणि मशा

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र कसलं लिहीत बसली ही, असं वाटेल तुला. आधी शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं रागाव.

हॉटेलातली नोकरी अजून शाबूत आहे, याचंच मला नवल वाटतं. मागे आमच्या कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून मूकबधिर शाळेतल्या काही मुली कामावर घेतल्या. सगळं फोटो काढण्यापुरतं चाललंय, म्हणून मी नाक मुरडलं होतं. पण खाणाखुणा शिकणं सक्तीचं झालं आणि आचाऱ्यापासून रखवालदारापर्यंत सगळे चहाच्या सुट्टीत हातवारे करू लागले. पाठीमागून हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा, समोर येऊन बोलायचं, हे हळूहळू अंगवळणी पडलं. धुलाईतली एक मुलगी हातांनी इतकी बडबडते, की तिचं नाव आम्ही 'रेडिओ' ठेवलंय. तिला ते भारी आवडतं.

एका दुपारी मजल्यावरचा इंटरकॉम वाजला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी-आजोबांना जादा उशा हव्या होत्या. मी ऐकलं, मशा झाल्यात. लगोलग फवारणीवाल्याला पाठवून दिलं. बिचारे जेवून आडवे झाले होते, खोकून खोकून बेजार झाले. खोली बदलून द्यावी लागली. तक्रार वर गेली आणि साहेबांनी बोलावलं. धाकट्या लेकीचं कॉलेज अजून व्हायचंय, आणि या वयात मला दुसरीकडे कोण घेणार? आता गाशा गुंडाळायचा, असं धरूनच आत गेले.

साहेबांनी खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसले आणि सावकाश म्हणाले, "तुम्हाला कमी ऐकू येतं, हे आम्हाला कळलंय. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबलो होतो."

ताई, मी तिथेच रडले. माझ्याशी समोर येऊन बोलणं, खांद्याला हात लावणं, मला वाटायचं ही मुलींमुळे लागलेली सवय. अगं, मंडळी मला सांभाळून घेत होती, आणि एकानेही कधी तसं जाणवू दिलं नाही. आता इंटरकॉम दुसऱ्या बाईंकडे दिलाय. मी रेडिओच्या जोडीने धुलाई बघते, ती माझ्या खुणांच्या चुकांवर पोट धरून हसते. कानाचं मशीनही कंपनीच देणार आहे. आजी-आजोबांची माफी मागायला गेले, तर आजोबा म्हणाले, झोप झाली नाही पण मशांची कटकट मिटली. इतकी चांगली माणसं माझ्या वाट्याला आली, कुणाकुणाचे आभार मानू?

आता पत्राचं खरं कारण. गेल्या महिन्यात तू फोन केलास. भावोजींचं ऑपरेशन ठरलंय म्हणालीस आणि मला ऐकू आलं प्रमोशन. पार्टी हवी म्हणून मी खदखदून हसले. तू फोन ठेवलास, तो परत केलाच नाहीस. मला वाटलं, कामात असशील. काल भाच्याचा मेसेज आला तेव्हा समजलं, आणि तेव्हापासून घास उतरत नाहीये. मी हसले ते त्यावर नव्हे गं. मला ऐकूच आलं नव्हतं. रजा मिळालीये, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतेय. दवाखान्यात भावोजींजवळ मी बसेन, तू जरा पाठ टेक. आणि मला बोलायचं ते सगळं बोल, मनात ठेवू नकोस. फक्त माझ्या तोंडाकडे बघून बोल, म्हणजे एकही शब्द चुकणार नाही.

तुझीच,
धाकटी