लालासाहेबांचा मौतचा कुवा

पाल, ६ जानेवारी १९७४

पेट्रोल परत महागलं! लालासाहेब सकाळपासून तंबूत डोकं धरून बसलेत. कुवा त्यांचा, गाड्या त्यांच्या, आम्ही तिघं त्यांच्या पदरी – आमचे हे, यांचा दोस्त केरबा आणि तिकिटाला मी.

आज काठावर जेमतेम माणसं होती. खाली फळ्यांच्या उभ्या भिंतीवर हे फटफटीवर आडवे होऊन गरागरा फिरतायत, आणि वर लोक शेंगा सोलून टरफलं आत टाकतायत. टरफलावरून चाक घसरलं तर? ओरडले मी. एकजण म्हणाला, "मग मरायचाच खेळ हाय की ह्यो, बाई!"

यांची जुनी विलायती फटफटी दम टाकते. सुटे भाग मिळत नाहीत. लालासाहेब म्हणाले, तिकडं विलायतेत फटफट्यांचे कारखाने एकेक करून बंद पडतायत. जपान्यांच्या गाड्यांपुढं टिकाव लागेना. ऐकून हे गाडीपाशी जाऊन बसले. घरातलं कुणी गेल्यासारखे.

कवठे महांकाळ, १० फेब्रुवारी

माहेर जवळ. आई आली होती. काठावरून सगळा खेळ बघितला आणि खाली येऊन मला म्हणाली, "घाण्याच्या बैलावानी गोल गोल फिरतोय जावई. पोचतोय कुटं?"

मला हसू आलं. मग रडू आलं. गेल्या साली पोट पडलं, तवापासून यांनी मला गाडीवर बसू दिलं नाही. त्याआधी रोज शेवटच्या खेळाला मी यांच्या पुढ्यात बसायची, दोन्ही हात पसरून. सकाळी सराव असला की एकटीसुद्धा दोन-चार फेऱ्या मारायची. ते सगळं बंद. मीही बोलून दाखवत नाही. एकच घोकते – आवं, सोडा हा धंदा.

सांगली, ३ मार्च

विलायती गाडी संपली. सांगलीत भाग नाही, कोल्हापुरात नाही. कुपवाडचा एकजण बनवून देतो म्हणाला. बनवलाही. पहिल्याच फेरीला तुटला. नशीब, हे तेव्हा तळातच होते.

आता केरबाच्या नव्या देशी गाडीवरच दोघं आळीपाळीनं खेळ करणार. ती हलकी. पेट्रोलमध्ये ऑइल घालून चालते. यांना पटत नाही. "हिला आवाज न्हाई, छाती न्हाई. टर्र टर्र करतीया नुसती!"

पहाटे हे झोपलेले असताना मी ती घेऊन आत गेले. तळाचीच एक फेरी मारली. हलकी आहे – माझ्या हाताला बसते. केरबानं बघितलं. म्हणाला, "वैनी, तुमच्या सिद्धूला सांगत न्हाई." भला माणूस.

सांगली, ९ मार्च

लालासाहेब पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळतायत! वास येतो. बोलले तर म्हणाले, "थोडंच हाय, अंजना. समदेच करत्यात." केरबा हसला – "गाडीला बी दुष्काळ हाय, वैनी."

कराड, ७ एप्रिल

केरबा पडला.

वरच्या फेरीला इंजिन जाम झालं. आवाज बंद झाला. मी तिकिटाच्या टेबलाशी होते, पण ती शांतता मला आधी कळली. मग धप्प. मग वरचे लोक ओरडले.

आत गेले तेव्हा यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "ऊठ रं गड्या, ऊठ की." तो उठला नाही.

लालासाहेब छाती बडवत होते. यांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. गाडी उचलून उभी केली. टाकीचं झाकण उघडून वास घेतला. परत झाकण लावलं.

कराड, ९ एप्रिल

केरबाची म्हातारी आई आली होती. तिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत. कुवा कसा असतो ते बघायला मागितलं. मी आत नेलं. तिनं फळ्यांवरून हात फिरवला. "एवढ्या उंच जात हुतं माझं पोरगं?"

रात्री हे म्हणाले, "संपलं आता."

देवाला किती विनवलं होतं या शब्दासाठी! आता ऐकला तर गोड लागेना.

सांगली, २० जून

खोली मिळाली. यांना कामही मिळालं, मोपेडच्या दुकानात. पेट्रोलच्या भावामुळं फटफट्या लोकांनी झाकून ठेवल्यात आणि मोपेडला गिऱ्हाईक तुटून पडतंय. शाळेतल्या बाई, पोस्टातले कारकून, पूजेला जाणारे भटजीसुद्धा! ती कशी चालवायची ते दाखवणं, हे यांचं काम. पायडल मारा, जोर आला की सोडून द्या. ब्रेक हातातच. गियर नाहीच.

घरी येतात, जेवतात, भिंतीकडं तोंड करून झोपतात. कपड्यांना ना घाम, ना ऑइल. सकाळी घालून जातात तसे परत आणतात.

सांगली, ११ ऑगस्ट

डबा घेऊन दुकानात गेले होते. एक दुधवाला यांच्याकडं निरखून बघत होता. म्हणाला, "आवं, तुमी त्ये मौतच्या कुव्यातलं न्हवं? पालच्या जत्रंत बगितलंया म्या. हात सोडून!"

हे म्हणाले, "न्हाई. त्यो माझा भाऊ."

"आता कुटं असत्यात?"

"मेला."

आणि मोपेड पुसायला लागले. मी डबा तिथंच ठेवला आणि घरी आले. वाटेत कुठं वळले, कशी आले, आठवत नाही.

सांगली, ३० ऑगस्ट

काही नाही लिहायला. वाटाण्याची उसळ केली.

सांगली, १७ ऑक्टोबर

लालासाहेब आले! ओळखू येईनात इतके वाळलेत. बसा म्हणायच्या आधीच खाली बसले. म्हणाले, "माज्या हातनं केरबा गेला. जलमभर पुरंल मला." मग म्हणाले, नवी गाडी घेतलीय, केरबाच्या गाडीसारखीच हलकी. पण नुसता गडी फिरताना बघायला आता कुणी येत नाही. गल्लोगल्ली मोपेडी नि गाड्या झाल्यात. बाईमाणूस फिरलं तर येतील.

हे उठले आणि दार उघडून उभे राहिले. "जावा, लालासाहेब."

ते गेले. हे माझ्याकडं वळले. "तुज्या मनात न्हाई न्हवं?"

मी म्हणाले, नाही.

खोटं बोलले. ते 'बाईमाणूस' म्हणाले तेव्हाच मी मनात गाडीवर बसले होते. फळ्यांचा वास आला, इथं, या खोलीत. मीच यांना बाहेर काढलं आणि आता मलाच आत जायचंय. हे कुणाला सांगू? आईला? केरबा असता तर त्याला सांगितलं असतं.

सांगली, २ डिसेंबर

आज मीच यांच्याशी बोलले. सरळच – मला कुव्यात परत गाडी चालवायचीय. टाकी मी माझ्या हातानं भरणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, हेही सांगितलं.

यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "तू पडलीस तर म्या कुणाला शिव्या द्यायच्या?"

"मला."

जा म्हणाले नाहीत. नको म्हणाले नाहीत. सकाळी दुकानात निघून गेले. मी पिशवी भरली.

फलटण, १४ डिसेंबर

रथाच्या जत्रेची गर्दी, लालासाहेबांचाच कुवा. एकटी वर गेले, पार काठापर्यंत. हात सोडले.

पाचव्या की सहाव्या फेरीला काठावर हे दिसले. तिकीट काढून आले होते. मग प्रत्येक फेरीला दिसत राहिले. सगळे लोक माझ्याकडं बघत होते – हे डोळे गच्च मिटून उभे होते.