वरच्या मजल्याची बेल

प्रिय अण्णा,

वडिलांना पत्रात तीर्थरूप लिहितात, हे तुम्हीच शिकवलंत. आज नाही लिहिणार. तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

पंधरा दिवस झाले, नौपाड्यातल्या दवाखान्यात मी बसते, तुमच्याच खुर्चीवर. डॉक्टरसाहेबांनी बोलावलं. आई म्हणाली, "अण्णांची खुर्ची घरातच राहील गं." कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर शिव्या खाण्यापेक्षा बरं, म्हणून गेले. आणि काल दुपारी मी वरची बेल वाजवली. हो, तीच! जिला तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. ते तुम्हाला सांगायलाच हे पत्र.

शाळेत असताना मी तुमचा डबा घेऊन यायचे, आठवतं? एक ते पाच दवाखाना बंद, रविवारी तर पूर्णच. साहेब वरच्या मजल्यावर जेवून आडवे व्हायचे आणि तुम्ही खाली दार राखत बसायचात. टेबलाच्या कडेला ते पांढरं बटण. दाबलं की वर बेल वाजते. पण कोणासाठी दाबायचं आणि कोणाला 'पाचला या' म्हणायचं, ते तुम्ही नुसत्या चेहऱ्यावरून ठरवायचात. मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटायचं! माझे अण्णा म्हणजे दवाखान्याचे मालकच.

शीळफाट्याहून आलेली ती बाई मी विसरलेले नाही. कडेवर पोर, दोन गाड्या बदलून आलेली. "दादा, पोराचा आंग लय तापलाय, साहेबांना जरा सांगा ना." तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहेब नाहीत. पाचला या." साहेब वरच झोपले होते, अण्णा! ती पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने एक गाडी थांबली. सोसायटीतल्या कुठल्याशा साहेबांच्या मुलीला गांधीलमाशी चावली होती. तुम्ही उठून बटण दाबलंत, शिवाय त्यांना पाणीही दिलंत. शीळफाट्याची बाई हे सगळं बघत होती. मग ती उठली आणि निघून गेली. त्या पोराचं पुढे काय झालं, असं मी विचारलं, तर म्हणालात, "नेलं असेल मोठ्या हॉस्पिटलात. तू डबा धुऊन घे."

मी डबा धुतला. तेव्हा आणखी काही विचारायला हवं होतं.

तुमच्या ड्रॉवरमध्ये तो पुठ्ठा अजून आहे. 'बंद वेळेत बेल' असा मथळा आणि खाली नावं. वकील, बिल्डर, बँकेतले मॅनेजर, साहेबांच्या मिसेसच्या भिशीतल्या बायका. सगळं तुमच्या वळणदार अक्षरात. साहेबांनी सांगितलं असेल, कबूल. पण एवढं सुबक लिहायला कोणी सांगितलं होतं? मी वेड्यासारखं त्यात आपलं आडनाव शोधलं. तीस वर्षं तिथे नोकरी करून तुम्ही स्वतःला त्या यादीत घातलं नव्हतंत.

आता त्या दिवसाचं बोलते. मला सुट्टी होती, म्हणून कितीतरी वर्षांनी मीच डबा घेऊन आले. दीड वाजला होता. तुम्ही तुमच्या खुर्चीवर नव्हतात, पेशंटच्या बाकड्यावर बसला होतात. शर्ट घामाने भिजलेला, डावा हात चोळत होतात. मी म्हटलं, "अण्णा, साहेबांना उठवूया." तुम्ही म्हणालात, "अगं पित्त झालंय. साहेब आत्ताच आडवे झालेत. पाचला खाली येतीलच, तेव्हा दाखवतो."

रिक्षा आणते म्हटलं, तर म्हणे मोठ्या हॉस्पिटलात आधी कागद रंगवतात, मग माणूस बघतात. मी बटणाकडे गेले तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. केवढा जोर होता हो त्या हातात! "हात लावू नकोस. माझी नोकरी आहे ती."

छातीत दुखणारा पेशंट आधी आत घ्यायचा, हे मला लहानपणी कोणी शिकवलं? तुम्हीच ना? मग स्वतःचं काय झालं? आणि माझं तरी काय झालं होतं? पस्तिशीची घोडी मी, तुमच्या नुसत्या नजरेला घाबरून शेजारी बसून राहिले. पंख्याने वारा घातला. घड्याळ बघत बसले. साडेतीनला तुम्ही माझ्या खांद्यावर कलंडलात. तेव्हा मी बेल दाबली, दाबूनच धरली. साहेब बनियनवर धावत खाली आले. त्यांनी सगळं केलं, पण तुम्ही गेला होतात.

"वेडा माणूस! आधी का नाही वाजवली?" असं साहेब रडत म्हणाले. खरंच रडत होते. मला मात्र त्यांचा गळा धरावासा वाटला. 'कोणासाठी वाजवायची, हे तीस वर्षं तुम्हीच शिकवलंत की साहेब!' हे मी बोलले नाही. माझ्यातही तुमचंच रक्त.

काल दुपारी अडीचला एक रिक्षावाला बायकोला घेऊन आला. तिला दम लागलेला, ओठ निळे पडत चाललेले. आणि अण्णा, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "साहेब नाहीत. पाचला या." अगदी तुमच्याच आवाजात. तो म्हणाला, "ताई, पाचपर्यंत ही राहणार नाय ओ." मला त्या बाकड्यावर तुम्ही दिसलात.

मी बटण दाबलं. साहेब जिन्यातूनच ओरडले, "कोणाकडचे आहेत?" खाली आले, खाकी शर्ट बघितला, माझ्याकडे बघितलं. "ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं, "हो. माझ्या ओळखीचे."

बास. एवढंच लागलं, अण्णा. साहेब कुरकुरले, पण हात धुऊन बसले. इंजेक्शन दिलं, मशीनवर वाफ दिली. अर्ध्या तासात ती बाई नवऱ्याला म्हणत होती, "घरी चला, पोरं शाळेतून येतील."

ते दोघं गेल्यावर मी बाकड्यावर बसून खूप रडले. तीस वर्षांत एकदाही तुम्हाला 'माझ्या ओळखीचे' असं म्हणून बघावंसं वाटलं नाही? शीळफाट्याच्या बाईसाठी नाही, निदान स्वतःसाठी? 'मीच आहे साहेब, जरा खाली या,' एवढं बोलायला काय गेलं असतं तुमचं?

उद्यापासून दारात जो येईल तो माझ्या ओळखीचा. बोर्डावर काहीही वेळ लिहिलेली असो, मी बेल वाजवणार. साहेब नोकरीवरून काढतील तेव्हा काढतील. तोपर्यंत त्यांची दुपारची झोप गेली, असंच समजा. हे तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे मला. पण आता माझं मनगट धरायला तुम्ही नाही आहात.

तुमची,
शुभा