म्हणे, तो करंट होता

प्रिय रणवीर,

मी आनेकलला आईकडे आहे. समोर बोलले तर माझा आवाज चढेल, तू 'आधी शांत हो' म्हणशील आणि मी खरंच शांत होईन. म्हणून लिहिते आहे. रागात तुझ्यावर अन्याय नको, तेव्हा आधी तुझी बाजू.

बेळ्ळंदूरच्या ऑफिसात तुझ्या टीमने तक्रार केली, की तू कुणाचं ऐकूनच घेत नाहीस. त्याच सुमारास एका प्रयोगासाठी माणसं हवी होती. कपाळावरून सौम्य करंट दिला तर दुसऱ्याचं दुःख जास्त जाणवतं का, हे तपासायचं होतं. तू आपणहून गेलास. तिथे ओल्या स्पंजांचा पट्टा बांधायचे. जे. पी. नगरला घरी यायचास तेव्हा केस कपाळाला चिकटलेले असायचे, आणि मी हसायचे.

मग तू बदललास. मी पोळ्या लाटताना ओट्याशी उभा राहून ऐकू लागलास. आई न्हाणीघरात पडल्याचं कळलं, तर मला न विचारता गाडी काढलीस. तिच्या सुजलेल्या पायाला स्वतः तेल चोळलंस आणि म्हणालास, "आता एकटं राहायचं नाही, आमच्याकडे चला." ती म्हणाली, "स्वल्प विचार करू दे, जावईबापू." तुझे डोळे भरून आले. ते पाहून ती 'सरी', बरं, म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने गाय शेजारच्या देवाप्पाला देऊन टाकली आणि घर भाड्याने द्यायचं कबूल केलं.

प्रयोग संपला आणि तुला घर लहान वाटू लागलं. आपल्या शौर्यची दहावी आठवली. मी शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणालास, "तो मी नव्हतो गं, तो करंट होता." तुझ्या मित्राकडे, अमितकडे, जेवताना तर सगळ्यांना हसवलंस, "त्या महिन्यात कुणी किडनी मागितली असती तरी दिली असती." मीही हसले. घरी आल्यावर स्वतःला विचारलं, विजेच्या अमलाखाली दिलेला शब्द पाळायला लावणं म्हणजे नशेतल्या माणसाची सही घेणंच नाही का? मला ते पटलं. मी तुला मनातून मोकळं केलं, आणि आईला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत इथे आले.

काल अक्षराचा फोन आला, त्या प्रयोगाचं काम बघणारी. शेवटी घरच्यांशीही बोलतात म्हणे. ती सहज म्हणाली, "सरांनी सांगितलं असेलच मॅडम, ते तुलनेच्या गटात होते." मी अर्थ विचारला. त्या गटाला पट्टा बांधायचा, सुरुवातीला जरा चुणचुण होऊ द्यायची आणि करंट बंद करायचा. तुला एवढंच मिळालं. आणि हे तिने तुला अमितकडच्या जेवणाआधीच कळवलं होतं. म्हणजे आईच्या पायाला तेल चोळणारा तूच होतास, रणवीर, आणि सगळं माहीत असताना तिला दिलेल्या शब्दावरून लोकांना हसवणाराही तूच. करंटचा शब्द मी माफ केला होता. तुझा करणार नाही. आईला यातलं काही माहीत नाही, ती ट्रंक भरते आहे. रविवारी मी तिला घेऊन येते. ती नको असेल तर त्याआधी इथे ये आणि तिच्या तोंडावर सांग, करंटचं नाव न घेता.

तुझीच,
संयोगिता